स्वस्त पोर्टची पहिली बाटली: इंदुरात सुरुवात कशी करावी

इंदुरात दुकानावर पाटी 'वाइन शॉप'ची असते, पण आत जाऊन नुसतं "वाईन द्या" म्हटलं की काउंटरवरचा माणूस बघत राहतो. त्याच्या लेखी रम, व्हिस्की, बिअर, सगळं वाइनच. म्हणून नाव घेऊन मागायचं: "भिया, पोर्ट है क्या?" मग तो खालच्या फळीकडे वाकतो, बिअरची दोन खोकी बाजूला सारतो आणि एक काळपट लाल बाटली पुसून पुढे ठेवतो. ही त्या बाटलीची गोष्ट आहे. ज्यांनी ती कधी घेतली नाही, किंवा एकदा घेऊन नको म्हटलं, त्यांच्यासाठी लिहितोय.

मला ही वाईन मनापासून आवडते. गोड, जाड, घशाला थोडी खरवडणारी. महागड्या वाईनच्या गप्पा मारणारे मित्र तिला नाकं मुरडतात. मला वाटतं, ती कशी बनते आणि कशी प्यायची हे कुणी नीट सांगतच नाही, म्हणून ती बदनाम आहे.

आधी समजून घ्या, मग विकत घ्या

साधी वाईन म्हणजे आंबलेला द्राक्षरस. यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. अल्कोहोल साधारण 15-16 टक्क्यांपर्यंत चढलं की बहुतेक यीस्ट त्यातच गारद होतं. पोर्टसारख्या फोर्टिफाईड, म्हणजे स्पिरिट घालून कडक केलेल्या, वाईनमध्ये माणूस मध्येच हात घालतो आणि वरून द्राक्षाचंच गाळलेलं कडक स्पिरिट ओततो. पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यात पोर्ट बनते तिथलं जुनं प्रमाण असं: 435 लिटर अर्धवट आंबलेल्या रसात 115 लिटर स्पिरिट, मिळून 550 लिटरचं एक पिंप. स्पिरिट 77 टक्क्यांचं. ते पडताक्षणी यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते आणि तयार वाईन 20 टक्क्यांच्या आसपास भरते. पोर्टचा गोडवा मुळात असा येतो, न खाल्ल्या गेलेल्या साखरेचा.

हा उद्योग का सुरू झाला त्याचं कारण अगदी व्यवहारी आहे. फ्रान्सशी वैर असल्यामुळे इंग्रज पोर्तुगालकडे वळले. 1703च्या मेथ्यून तहाने पोर्तुगीज वाईनवरचं शुल्क फ्रेंच वाईनपेक्षा कमी ठेवलं. समुद्रप्रवासात पिंपं खराब होऊ नयेत म्हणून त्यात स्पिरिट घालायची पद्धत पडली. 1756मध्ये डोरोची हद्द आखून दिली गेली. पुढे इंग्रज गेले तिथे त्यांच्या मेसमध्ये पोर्टही गेली. महिदपूरच्या लढाईनंतर, 1818मध्ये, आपल्या शेजारी महूची छावणी वसली. अशा छावण्यांमध्ये जेवणानंतर पोर्टची सुरई डावीकडे सरकवायचा रिवाज होता.

आपल्याकडच्या स्वस्त बाटलीवर 'पोर्ट' हा शब्द आला त्यात गोव्याचा वाटा मोठा आहे. गोव्याहून येणारा प्रत्येक पाहुणा एखादी गोड लाल बाटली आणतोच. पण लक्षात ठेवा, आपल्याकडे पोर्ट लिहिलेली प्रत्येक बाटली फोर्टिफाईड असतेच असं नाही. काही नुसत्या गोड केलेल्या साध्या वाईन असतात. फरक लेबलवरच कळतो.

चवीची ओळख हवी असेल तर द्राक्षासव आठवा. आमच्या आजोबांच्या फडताळात त्याची बाटली कायम असायची, जेवणानंतर दोन चमचे पाण्यातून. ते गोड, तुरट, मागून हलकी जळजळ. आसवात अल्कोहोल आपोआप तयार होतं, धायटीची फुलं घालून आंबवतात, बाहेरून स्पिरिट पडत नाही. म्हणजे कृती वेगळी, पण ज्याच्या जिभेला द्राक्षासव माहीत आहे त्याला स्वस्त पोर्टचा पहिला घोट अनोळखी वाटणार नाही.

दुकानात

मध्य प्रदेशात वय 21 पूर्ण हवं. दुकान परवान्याचं हवं आणि बाटलीवर आबकारीचं लेबल शाबूत हवं. सुटी, भरून दिलेली, "घरची बनी हुई" म्हणून कुणी पुढे केलेली बाटली घेऊ नका. त्यात कुठलं स्पिरिट पडलंय ते डोळ्यांनी कळत नाही, आणि मिथेनॉल असेल तर दृष्टी जाते, जीवही जातो. याच कारणासाठी घरी द्राक्षरसात दारू मिसळून पोर्ट करायच्या खटपटीतही पडू नका. विनापरवाना दारू बनवणं हा गुन्हा आहेच.

बाटली हातात घेतली की तीन गोष्टी बघा. पहिली, अल्कोहोलचा आकडा. 15 किंवा वर असेल तर बहुधा स्पिरिट घातलेली आहे. 12-13 असेल तर ती गोड साधी वाईन, त्यात वाईट काही नाही, पण या लेखात ज्या खरबरीतपणाबद्दल मी बोलतोय तो तिच्यात मिळणार नाही. दुसरी, भरल्याची तारीख. स्वस्त पोर्ट ठेवून सुधारत नाही, जितकी ताजी तितकी बरी. तिसरी, ती कुठे ठेवली होती. मी एकदा मे महिन्यात एका दुकानाच्या दर्शनी काचेतली बाटली उचलली. दुपारचं ऊन रोज तिच्यावर पडत असणार, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. घरी उघडली तर रंग विटकरी झालेला, वास शिजवलेल्या मनुकांचा आणि मागून व्हिनेगर. मोरीत ओतली. तेव्हापासून मी आतल्या खोक्यातली बाटली मागतो, आणि दुकानदार कुरकुर न करता देतात.

पहिल्या वेळी 750 मिलीची मोठी बाटली नको. 375ची अद्धी किंवा 180चा क्वार्टर मिळाला तर तो घ्या.

प्यायची जागा म्हणजे घर. 1 एप्रिल 2023पासून राज्यातले अहाते, म्हणजे दुकानाला लागून असलेल्या बसून प्यायच्या जागा, बंद आहेत, आणि गाडीत किंवा बागेत बसून पिणं बेकायदेशीर आहे. बडोद्याच्या मावशीकडे निघाला असाल तर बाटली घरीच ठेवा, गुजरातेत दारूबंदी आहे. उज्जैन आणि ओंकारेश्वरमधली दुकानंही 1 एप्रिल 2025पासून बंद झाली आहेत.

पहिली संध्याकाळ

शक्य असेल तर डिसेंबर-जानेवारीत सुरुवात करा. गारठा पडलेला असतो, आणि ही थंडीचीच वाईन आहे. उन्हाळ्यात घेतलीत तर बाटली तासभर फ्रिजमध्ये ठेवा. इंदूरच्या मेमधल्या 42 अंशांत ती तशीच ओतली तर स्पिरिटची वाफ आधी नाकात शिरते आणि साखर जिभेला चिकटते. बर्फासारखी गारही करू नका, चव मुकी होते.

पेग मोजायचं माप घरात असेल तर 60 मिली. नसेल तर चार टेबलस्पून. स्टीलच्या पेल्यात ओतू नका, रंग दिसत नाही. काचेचा छोटा ग्लास घ्या आणि उजेडासमोर धरा. मध्ये जांभळाच्या रसासारखा गडद, कडेला थोडा गुलाबी. ग्लास हलकेच फिरवून थांबलात की काचेवरून जाड थेंब सावकाश ओघळतात, अल्कोहोल आणि साखर दोन्ही भरपूर असल्याची ती खूण. झाकण उघडताना बोटांना चिकटपणा लागेल. दुसऱ्या दिवशी तेच झाकण साखर वाळल्यामुळे घट्ट बसलेलं असतं. म्हणून बंद करण्याआधी बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसायची सवय लावा.

आता घोट. पहिला घोट अगदी लहान, आणि त्यावरून काही ठरवू नका, तो फक्त तोंड तयार करतो. दुसरा घोट जिभेवर थोडा वेळ ठेवा. आधी गोड लागेल: काळी मनुका, जांभूळ, थोडा गुळाचा वास. मग गिळताना गळ्यात एक गरम रेघ उमटते. सगळं खाली गेल्यावर जिभेच्या कडांवर तुरटपणा उरतो, द्राक्षाच्या सालीचा, जांभूळ खाल्ल्यावर तोंड आवळतं तसा. गोड, गरम, तुरट. चांगल्या पोर्टमध्ये या तिन्हींच्या मध्ये कुठे सांधा दिसत नाही, कारण लाकडी पिंपात वर्षानुवर्षं राहून स्पिरिट वाईनमध्ये मुरलेलं असतं. पोर्तुगालच्या अशा पिंपात मुरलेल्या पोर्टला टॉनी म्हणतात, ती 10, 20, 30, 40 वर्षांची मिळते. स्वस्त बाटलीला तेवढा वेळ कुणी दिलेला नसतो, म्हणून तिच्यात तिन्ही गोष्टी सुट्या लागतात.

आणि मला तेच आवडतं. वाईन कशी बनली ते त्या एका घोटात उघडं दिसतं: हा रस, ही साखर, हे वरून ओतलेलं स्पिरिट. लोणचं घातल्यावर चौथ्या दिवशी फोड तोंडात टाकली की मीठ वेगळं, तिखट वेगळं, कैरीचा आंबटपणा वेगळा लागतो. वर्षभराचं मुरलेलं लोणचं श्रेष्ठ, मान्य. पण त्या चौथ्या दिवसाच्या फोडीसाठी बरणीत हात घालणारी माणसं प्रत्येक मराठी घरात आहेत. स्वस्त पोर्टची ओढ त्याच जातीची आहे. खडबडीत आहे, आणि खडबडीत आहे हे ती लपवत नाही.

60 मिली संपायला अर्धा तास लागू द्या. पहिल्या दिवशी तेवढंच.

ती चढते, आणि कळत नाही

हा भाग मी टाळणार नाही, कारण सगळी बदनामी इथून आली आहे. हिशेब करा. 20 टक्क्यांच्या 750 मिलीच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल 150 मिली असतं. 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीच्या दोन क्वार्टरमध्ये साधारण 154 मिली. म्हणजे ही गोड लाल बाटली एकट्याने संपवणं आणि दोन क्वार्टर व्हिस्की पिणं जवळजवळ सारखं. व्हिस्की जिभेला सावध करते. इथे साखर ते होऊ देत नाही, सरबतासारखी खाली जाते.

परदेशात याचा धंदा झाला. अमेरिकेत 1933मध्ये दारूबंदी उठल्यानंतर कितीतरी वर्षं गोड फोर्टिफाईड वाईनच जास्त खपायची, साध्या वाईनने तिला मागे टाकलं ते 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात. 1957मध्ये गॅलो कंपनीने आणलेली थंडरबर्ड गरीब वस्त्यांमध्ये खपली, कारण कमी पैशात भरपूर नशा देणारी ती बाटली होती. स्कॉटलंडमध्ये बकफास्ट नावाची टॉनिक वाईन आहे, इंग्लंडच्या डेव्हनमधल्या बेनेडिक्टाइन मठातली, 15 टक्क्यांची, वर कॅफीन घातलेली. भिक्षूंनी टॉनिक म्हणून केलेली ही बाटली तिथल्या रस्त्यांवरच्या भांडणांशी जोडली गेली, कारण कॅफीन माणसाला जागं ठेवतं आणि किती चढली ते उमगू देत नाही. या बाटल्यांमागे उद्ध्वस्त झालेली माणसं आहेत. त्यांच्याबद्दल चेष्टेने बोलणं मला पटत नाही. हातात रोजचे थोडे पैसे, अंग मोडून काढणारं काम, थंडी, आणि दोन तास ऊब देणारी गोड बाटली, यातली ओढ समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. धोकाही त्याच ओढीत आहे.

म्हणून माझे नियम सरळ आहेत. एका बैठकीला 60 मिली, फार तर दोनदा. रिकाम्या पोटी नाही. शेजारी पाण्याचा तांब्या. नंतर गाडीची किल्ली हातात घ्यायची नाही. कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, दोन छोटे ग्लास एखाद्याला तिच्यापलीकडे सहज नेतात. झोपेच्या गोळ्या किंवा मेट्रोनिडॅझोलसारखं औषध सुरू असेल, गर्भारपण असेल, घरात कुणी व्यसनातून बाहेर पडत असेल, तर बाटली घरात आणूच नका. मधुमेह्यांनी साखरेचा हिशेब धरावा: पोर्टमध्ये लिटरला 100 ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे 60 मिलीत सहा ग्रॅम, चहाचा साधारण दीड चमचा. रोज लागायला लागली तर थांबा आणि डॉक्टरांशी बोला.

सोबत काय

इथे इंदूरकर नशीबवान आहेत. गोड आणि तुरट वाईनला खारट, तिखट, तेलकट सोबत लागते, आणि ती आपल्या शहरात पावलोपावली आहे.

माझी पहिली पसंती गराडू, म्हणजे तळून खायचा एक कंद. थंडीत सराफ्यातल्या खाऊबाजारात रात्री कढईभोवती लोक उभे असतात. गराडूचे तुकडे आधी तळून ठेवलेले, मागितल्यावर पुन्हा तेलात, बाहेर काढले की वर जीरावण, म्हणजे आपला इंदुरी चाट मसाला, आणि लिंबू. कवच कुरकुरीत, आत मऊ आणि पिठूळ. ते पार्सल करून घरी आणा, पाकिटाला भोक ठेवा, नाहीतर वाफेने मऊ पडतात. एक तुकडा, मग पोर्टचा छोटा घोट. जीरावणातला काळ्या मिठाचा आणि जिऱ्याचा उग्रपणा वाईनची साखर कापतो, आणि वाईन तळणाचा तेलकटपणा धुऊन नेते. गराडूचा मोसम नसेल तर लौंग शेव, मूठभरच, तिखट फार असेल तर घशातली जळजळ दुप्पट होते. खारे शेंगदाणे आणि अक्रोड कधीही चालतात. इंग्रज पोर्टबरोबर निळी बुरशी चढवलेलं स्टिल्टन चीज खातात, आपल्याकडे साधं खारट चेडरही काम भागवतं.

भुट्ट्याच्या किसाबरोबर मला जमलं नाही, दूध आणि मका दोन्ही मऊ गोड, वाईन बेचव होते. जिलेबी, मावाबाटी, श्रीखंड यांच्याबरोबर तर मुळीच नको. पदार्थ वाईनपेक्षा गोड झाला की वाईन आंबट आणि कडवट लागते.

उरलेली बाटली

उघडल्यानंतर फ्रिजमध्ये, उभी. तीन आठवडे ती चांगली राहते, नंतर फळाचा वास मावळतो. झाकणावर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. निम्मी संपली की उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरा, हवा जितकी कमी तितकी ती टिकते.

पुढे जायचं असेल तर याच घराण्यातल्या बाकीच्या वाईन आहेत. स्पेनची शेरी, तिच्यातली फिनो पूर्ण कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, आणि 15 टक्क्यांची. वर्मूथ, म्हणजे वनस्पती घातलेली, 1786मध्ये तुरीनमध्ये कार्पानोने विकायला काढलेली. आणि मदिरा, जिच्यातली बरीचशी मुद्दाम 45 ते 50 अंशांवर निदान तीन महिने तापवतात, कारण उष्ण समुद्रांतून प्रवास करून आलेली पिंपं जास्त चवदार निघाली होती. आमच्या मेमध्ये बाहेर राहिली तरी जिचं काही बिघडणार नाही अशी ती एकच. या सगळ्या महाग आहेत, घाई नको. त्याआधी कधी दोघा-तिघांनी मिळून अस्सल पोर्तुगीज रुबी, म्हणजे कमी मुरवलेली लाल, पोर्ट आणा आणि एका ग्लासात ती, दुसऱ्यात आपली खालच्या फळीवरची, असं शेजारी ठेवून चाखा. दहा मिनिटांत जे कळेल ते मी दहा पानं लिहून सांगू शकणार नाही.

वास मावळलेली पोर्ट स्वयंपाकात घाला. चार नाशपात्या सोलून देठासकट उभ्या ठेवा. 200 मिली पोर्ट, 100 मिली पाणी, दालचिनीचा तुकडा, तीन लवंगा, संत्र्याच्या सालीची एक पट्टी. साखर घालायची नाही. मंद आचेवर झाकण ठेवून अर्धा तास, मधून फळं फिरवत राहा म्हणजे रंग सगळीकडे चढतो. फळं काढून घ्या आणि रस चमच्याला चिकटेपर्यंत आटवा. नाताळच्या केकसाठी पाव किलो मनुका-बेदाण्यांवर 100 मिली पोर्ट ओतून काचेच्या बरणीत दोन-तीन आठवडे ठेवा, दोन दिवसांनी एकदा हलवा. शिजवल्याने अल्कोहोल पूर्ण उडतं हा गैरसमज आहे. अर्धा तास शिजवल्यावरही साधारण तिसरा हिस्सा उरतो. म्हणून वाढण्याआधी पाहुण्यांना सांगा, आणि मुलांची नाशपाती वेगळ्या भांड्यात, संत्र्याच्या रसात शिजवा.